टिकलीपाशी अडलेलं काडतूस

दिवाळीत पोरं टिकल्यांचं पिस्तूल उडवतात, तेव्हा घोडा टिकलीवर आपटतो आणि फट्‌कन आवाज होतो. खऱ्या काडतुसाच्या बुडाशीही अशीच एक टिकली असते. धातूच्या इवल्या वाटीत काही मिलिग्रॅम स्फोटक मिश्रण आणि त्या वाटीचा व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास. तिला प्रायमर म्हणतात. बंदुकीची पिन तिच्यावर बसली की ठिणगी पडते, ठिणगीने पुंगळीतली दारू पेटते आणि दारूच्या वायूच्या रेट्याने गोळी पुढे जाते. 2020च्या आधी अमेरिकेत एक हजार प्रायमरचं खोकं तीस-पस्तीस डॉलरला मिळायचं. 2021च्या सुरुवातीला तेच खोकं लिलावात दोनशे डॉलर ओलांडून जात होतं. दुकानाच्या फळीवर तर ते दिसतच नव्हतं.

हा लेख त्या टंचाईबद्दल आहे आणि ती ज्यांना सर्वांत जास्त जाचली त्यांच्याबद्दल: हौशी नेमबाज आणि घरी काडतुसं भरणारे लोक. अमेरिकेत बंदुकीने दर वर्षी किती माणसं मरतात हे वाचकाला ठाऊक आहे, मलाही आहे. शाळांमधले गोळीबार या लेखात येणारच आहेत, कारण टंचाईची मुळं तिथपर्यंत गेलेली आहेत. पण शनिवारी सकाळी मैदानावर जाऊन कागदावर नेम धरणारा, घरी येऊन रिकाम्या पुंगळ्या धुणारा माणूस त्या बातम्यांमध्ये कधी दिसत नाही. त्याचं जे झालं त्यातून भीतीचा बाजार कसा चालतो हे फार स्पष्ट कळतं.

काडतुसाचे भाग चार. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली की दारू जळून जाते, प्रायमर फुटून जातो, पण पुंगळी शाबूत राहते. काडतुसात सर्वांत महाग भाग बहुधा तीच. ती फेकून न देता पुन्हा भरायची, एवढीच ‘रिलोडिंग’ची कल्पना. कोकणात ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. माकडं-डुकरं हाकायला तो दर बाराला दारू, छर्रे आणि केप स्वतःच भरत आला आहे.

ओहायोत राहणारे एक सांगलीकर इंजिनिअर हा छंद करतात. त्यांच्या गॅरेजमध्ये एका भिंतीला जाड लाकडी बाक ठोकलेलं आहे. त्यावर बोल्टने घट्ट बसवलेला हाताचा प्रेस, बाजूला तराजू, भिंतीवर छापील तक्ते. मैदानावरून गोळा करून आणलेल्या पुंगळ्या आधी एका फिरत्या डब्यात घालतात. त्या डब्यात मक्याच्या कणसाचा भरडा असतो. तास-दोन तास घोळल्यावर काजळी जाऊन पितळ लखलखायला लागतं. मग एकेक पुंगळी प्रेसवर चढते. दांडा खाली ओढला की पोलादी साचा तिला मूळ मापात दाबतो आणि त्याच दमात जुना प्रायमर टक्‌ करून खाली पडतो. नवा प्रायमर बसवताना घाई चालत नाही. तो पुंगळीच्या बुडाशी अगदी सपाट, किंबहुना केसभर आत बसला पाहिजे. सांगलीकरांनी माझं बोट धरून एका पुंगळीच्या बुडावरून फिरवलं आणि म्हणाले, “डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं बघा.”

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण पासष्ट मिलिग्रॅम, सात हजार ग्रेनचा एक पौंड. पुंगळ्या लाकडी ठोकळ्यातल्या भोकांमध्ये उभ्या करतात, दारू घालून झाली की टॉर्च धरून एकेकीत वाकून बघतात. सगळ्यांची पातळी सारखी हवी. एखादीत चुकून दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटू शकते, एखादीत पडलीच नाही तर गोळी नळीत अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी घात करते. त्यामुळे इथे रेडिओ बंद, फोन दुसऱ्या खोलीत. प्रत्येक खेपेची नोंद वहीत: तारीख, दारूचं नाव, वजन, गोळी, प्रायमर. शेवटचा रकाना ‘मैदानावर काय झालं’ यासाठी राखलेला.

एवढा खटाटोप का, दुकानात तयार काडतुसं मिळतात की, असं विचारलं तर रिलोडर दोन उत्तरं देतात. पहिलं पैशांचं. त्यावर तेच लोक हसून सांगतात की यात पैसे वाचत नाहीत, त्याच पैशांत जास्त गोळ्या झाडता येतात. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. अमेरिकी ‘हायपॉवर’ रायफल स्पर्धेत पन्नास गोळ्यांचा एक क्रम असतो. दोनशे यार्डांवर उभं राहून दहा, तिथेच बसून वेगात दहा, तीनशेवर पालथं पडून वेगात दहा आणि शेवटी सहाशे यार्डांवरून सावकाश वीस. सहाशे यार्ड म्हणजे साडेपाचशे मीटर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ फूटभर रुंद, आणि मध्ये वारा. वाऱ्याला कमी दाद देणारी ऐंशी ग्रेनची लांब गोळी वापरावी लागते, ती इतकी लांब की काडतूस मॅगझिनमध्ये बसतच नाही, एकेक करून हाताने घालावं लागतं. असलं काडतूस बाजारात सहज मिळत नाही. ज्याच्या त्याच्या नळीला मानवेल तसं ज्याने त्याने भरायचं. ओहायोत ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचा तळ आहे. तिथल्या राष्ट्रीय स्पर्धांना येणाऱ्या कितीतरी लोकांची सहाशे यार्डांची काडतुसं घरच्या बाकावर भरलेली असतात.

आता या छंदाचा जन्म पाहा. तो टंचाईतच झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सगळे काडतूस-कारखाने सैन्यासाठी राबत होते. नागरिकाला गोळी मिळेना. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन हा तरुण वडिलांच्या लाँड्रीत काम करायचा. 1943 साली त्याने लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक यंत्र घडवलं. .22च्या वापरलेल्या पुंगळ्या, ज्या पुन्हा भरता येत नाहीत म्हणून सगळे टाकून देत, त्यांचंच कवच करून तो त्यात शिसं दाबायचा आणि नवी गोळी तयार करायचा. त्यातून ‘आरसीबीएस’ ही कंपनी उभी राहिली. तिचे हिरवे प्रेस आजही जगभरच्या गॅरेजमध्ये दिसतात. युद्ध संपल्यावर उलटं झालं. सरकारकडे दारूचे डोंगर पडून होते. कॅन्ससमध्ये गॅस कंपनीत नोकरी करणाऱ्या ब्रूस हॉजडनने विमा पॉलिसीवर कर्ज काढून 4895 नावाची सैनिकी दारू हजारो पौंडांनी विकत घेतली, शेतात ठेवलेल्या एका जुन्या रेल्वेवाघिणीत साठवली आणि जाहिरात देऊन घरून विकायला सुरुवात केली. नेब्रास्कात जॉइस हॉर्नडीने 1949 साली गोळ्यांचा कारखाना काढला. आयडाहोतल्या लुइस्टनमध्ये व्हर्नन स्पीअर गोळ्या करत होता, त्याच्या भावाने 1951च्या सुमारास तिथेच ‘सीसीआय’ काढून प्रायमर बनवायला घेतले.

या सगळ्या मंडळींच्या उद्योगातून पुढे एक विश्वास तयार झाला. बाजारात काही मिळो न मिळो, आपलं आपण भरू. तीन पिढ्या रिलोडर हे मानत आले. पुंगळी पुन्हा वापरता येते, पिस्तुलाची तर दहादहा वेळा. गोळी शिशाची ओतता येते, त्यासाठी गाडीच्या चाकांना लावायची जुनी वजनं वितळवणारे हजारो लोक आहेत. दारूचा एक डबा शेकडो काडतुसांना पुरतो. राहता राहिला प्रायमर. तो घरी होत नाही. सांगलीकर म्हणाले तेच खरं: “अहो, पुंगळी माझी, गोळी मी ओतीन, दारू वर्षभर पुरेल. पण टिकलीच नाही, आता काय करू सांगा?” टंचाईच्या दिवसांत काहींनी फुटलेले प्रायमर घरी पुन्हा भरण्याचे उद्योग केले. त्याबद्दल मी एवढंच लिहीन की तो जिवाशी खेळ आहे आणि जुने रिलोडर नवख्यांना त्यापासून हात जोडून परावृत्त करतात.

टंचाई 2020 साली पहिल्यांदा आली असं नाही. 2008च्या निवडणुकीत ओबामा जिंकले, बंदुकांवर कडक कायदे येणार या धास्तीने लोकांनी दुकानं रिकामी केली. मग 14 डिसेंबर 2012 रोजी कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. देश शोकात होता. कायद्याची चर्चा सुरू झाली आणि त्या चर्चेसरशी काडतुसांची पळवापळवी. वॉलमार्टने एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीनच खोकी असा नियम केला. सर्वांत विलक्षण गोष्ट .22ची झाली. मुलांना नेमबाजी शिकवायची, डबे-बाटल्यांवर नेम धरायचा, ते हे सर्वांत स्वस्त आणि अगदी छोटं काडतूस. कोणत्याही कायद्याच्या चर्चेत त्याचं नावही नव्हतं. पण तेच पुढे काही वर्षं मिळेनासं झालं. ज्यांना गरज होती तेही घेत होते, ज्यांना नव्हती तेही घेत होते, कारण दिसलं की घ्यावं अशी सवय लागली होती.

अफवा होत्याच. गृहसुरक्षा खात्याने 1.6 अब्ज काडतुसं विकत घेऊन मुद्दाम बाजार कोरडा केला, ही त्यांतली सर्वांत टिकाऊ अफवा. संसदेपर्यंत ती गेली. सरकारी लेखापरीक्षण संस्थेने तपासणी करून जानेवारी 2014मध्ये अहवाल दिला, त्यात खात्याची वार्षिक खरेदी उलट घटत आल्याचं निघालं. अहवाल कुणी वाचला नाही, अफवा आजही ऐकू येते.

2016 साली ट्रम्प निवडून आले आणि भीती एका रात्रीत संपली. काडतुसं, बंदुका गोदामांमध्ये पडून राहिल्या. 1816पासून चालत आलेली रेमिंग्टन कंपनी मार्च 2018मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली, आणि जुलै 2020मध्ये पुन्हा गेली. ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. इतिहासातली सर्वांत मोठी मागणी सुरू असताना देशातल्या चार मोठ्या प्रायमर-उत्पादकांपैकी एकाचा आर्कन्सामधला कारखाना जवळजवळ थंड पडला होता.

मागणी किती मोठी? अमेरिकेत बंदूक घेताना दुकानदार एफबीआयकडून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासून घेतो. 2019 साली अशा तपासण्या 2.84 कोटी झाल्या, 2020 साली 3.97 कोटी. प्रत्येक तपासणी म्हणजे विक्री नव्हे, तरी वाढ डोळ्यांत भरते. महासाथ, टाळेबंदी, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरची आंदोलनं, निवडणूक, सगळं एकाच वर्षात. उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजाने त्या वर्षी 84 लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. त्यांतल्या प्रत्येकाने पन्नासाची दोनच खोकी घेतली असं धरलं तरी 84 कोटी काडतुसं होतात. ही सगळी मागणी आधीच्या मागणीच्या वर. शिवाय वॉलमार्टने आदल्याच वर्षी, एल पासोच्या दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर, पिस्तुलाची आणि काही रायफलींची काडतुसं विकणं बंद केलं होतं, त्यामुळे स्वस्त पुरवठ्याचं एक मोठं दार आधीच मिटलेलं. ऑगस्ट 2021मध्ये रशियातल्या विरोधी नेत्याच्या, नव्हाल्नींच्या, विषप्रयोगाबद्दल अमेरिकेने निर्बंध लावले आणि तिथल्या तुला आणि बर्नाउल या शहरांतली पोलादी पुंगळ्यांची स्वस्त काडतुसं येणंही थांबायला लागलं. 9 मिलिमीटरचं जे काडतूस पूर्वी वीस सेंटच्या आत मिळायचं, ते सत्तर सेंट ते डॉलरपर्यंत चढलं होतं.

फेडरल या काडतूस-कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष जेसन व्हॅंडरब्रिंक यांना 2020च्या अखेरीस चित्रफीत काढून सांगावं लागलं की आमचे कारखाने बंद नाहीत, आम्ही कुठे गुप्त गोदामं भरून ठेवलेली नाहीत, चोवीस तास काम चालू आहे. लोकांच्या शिव्यांच्या पत्रांनी ते वैतागले होते हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांच्या मूळ कंपनीकडे, व्हिस्टा आउटडोअरकडे, तेव्हा एक अब्ज डॉलरच्या वर मागण्या साठलेल्या होत्या.

मग नवे कारखाने का नाही काढले? हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आणि त्याचं उत्तर प्रायमर बनतो त्या खोलीत आहे. प्रायमरमधलं मुख्य द्रव्य लेड स्टिफ्नेट. कोरडं झालं तर धक्क्याने, घर्षणाने, कपड्यांतल्या स्थिर विजेनेसुद्धा उडतं. म्हणून ते ओल्या लगद्याच्या रूपात हाताळतात. भोकांची एक थाळी, तिच्यावर कामगार तो लगदा हाताने घासून भोकं भरतो, मग ती थाळी इवल्या वाट्यांच्या थाळीवर उपडी होते. कितीही यंत्रं आली तरी मोठ्या कारखान्यांतही हा टप्पा बराचसा माणसाच्या हातावर चालत आला आहे. जाड भिंतींआड, थोड्या माणसांत, ठरावीक साठ्याच्या आत. असा हात तयार व्हायला वेळ लागतो. नवी इमारत, परवाने, विमा, माणसं, सगळं जमून पहिला प्रायमर बाहेर पडेपर्यंत वर्षं जातात. तोवर निवडणूक होऊन जाते, भीती ओसरते, आणि कारखानदाराच्या हातात 2018चं रेमिंग्टन येतं. कारखानदारांना मी यात दोष देत नाही. भीतीवर उभी राहिलेली मागणी कधी बसेल हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तिच्यासाठी भिंती का बांधाव्यात?

दोष द्यायचाच तर मक्तेदारीला देता येईल. सीसीआय, फेडरल आणि, दिवाळखोरीतल्या लिलावानंतर, रेमिंग्टनचा काडतूस-विभाग, हे तिन्ही व्हिस्टाकडे आले. चौथी विंचेस्टर, ऑलिन कंपनीची. तिनेच ऑक्टोबर 2020पासून मिसूरीतला लेक सिटी हा सैन्याचा अवाढव्य काडतूस-कारखाना चालवायला घेतला. म्हणजे गॅरेजमधल्या माणसाची टिकली एकूण दोन मालकांच्या हातात. आणि या मालकांनी आधी काय करावं हे उघड आहे. हातात दहा लाख प्रायमर असतील तर ते आपल्याच तयार काडतुसांत घालून विकण्यात नफा जास्त. उरले तर सुटे विकायचे. त्या दोन वर्षांत उरलेच नाहीत. यंत्रंसुद्धा जास्त खपाच्या 9 मिलिमीटर आणि .223 या काडतुसांकडे वळवली गेली, त्यामुळे शरद ऋतूत हरणांच्या शिकारीला निघालेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या आजोबांच्या .30-30ची काडतुसं सापडेनात.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त वाईट वाटलं ते पोरांचं. मिनेसोटात 2001 साली शाळकरी मुलांसाठी मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याची लीग सुरू झाली, ती पुढे देशभर पसरली. यात जोरकस शरीर लागत नाही, उंची लागत नाही, मुलगे-मुली एकाच रांगेत उभे राहतात. हंगामात एक मूल आठवड्याला पन्नास तबकड्या मारतं, सराव वेगळा. पंचवीसच्या खोक्याचा हिशेब केला की संघातल्या तीस मुलांना आठवड्याला साठ खोकी लागतात. पूर्वी प्रशिक्षक घाऊक दुकानातून ती गाडीत टाकून आणायचा. 2021च्या हंगामात हेच प्रशिक्षक दुकानं उघडण्याआधी रांगेत उभे होते, पालकांना निरोप पाठवत होते, कुणाच्या तळघरात जुनी खोकी असतील तर मागत होते. सराव कापला की सर्वांत आधी मागे पडतो तो नवशिका. ज्याचा नेम बसलेला आहे तो महिनाभर कोरड्या सरावावर, म्हणजे रिकाम्या बंदुकीने चाप ओढण्याच्या सरावावर, तग धरतो. ज्याने अजून शंभर गोळ्याही झाडलेल्या नाहीत त्याला कोरडा सराव काय शिकवणार?

क्लबांनी आपापल्या परीने तोडगे काढले. स्पर्धेतल्या गोळ्या कमी केल्या. .22च्या स्पर्धा वाढवल्या. हवेच्या रायफली आणल्या. रिलोडरांमध्ये वस्तुविनिमय सुरू झाला: एक पौंड दारूच्या बदल्यात पाचशे प्रायमर, मोठे प्रायमर देऊन छोटे. मैदानावर पूर्वी वाकायचा कंटाळा करून लोक पुंगळ्या सोडून जात, आता शेवटची गोळी झाडली की सगळे गुडघ्यांवर. सुट्या वस्तू ऑनलाइन मागवल्या तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क वीस-तीस डॉलर, म्हणून चार जण मिळून मागवायचे. घरात किती साठवावं यालाही मर्यादा आहे. अग्निसुरक्षेच्या राष्ट्रीय संहितेप्रमाणे राहत्या घरात वीस पौंड दारू, जाड लाकडी पेटीत ठेवली तर पन्नास, आणि दहा हजार प्रायमर, त्यापेक्षा जास्त नाही. दहा हजार ऐकायला खूप वाटतात. ट्रॅपचं, म्हणजे तबकड्यांवरच्या नेमबाजीचं, वेड असलेला माणूस ते हंगामात संपवतो.

आणि तरीही ज्याच्याकडे दहा हजार होते तो आणखी घेत होता. साठेबाजावर चिडणं सोपं आहे, पण तो बहुधा व्यापारी नसतो, त्याच क्लबातला कुणी तरी असतो. 2013पासून त्याला दोन वर्षं कोरडं राहावं लागलेलं असतं, म्हणून 2020मध्ये तो तयारीत असतो. त्याचं वागणं त्याच्यापुरतं शहाणपणाचं आहे. पण त्याच्या कपाटातले प्रायमर उडत नाहीत, आणि शेजारच्या पोराची लीग त्यामुळे अडते. जो सर्वांत जास्त घाबरतो त्याच्याकडे सर्वांत जास्त काडतुसं जमा होतात आणि जो सर्वांत जास्त नेम धरतो त्याच्याकडे सर्वांत कमी राहतात, हे मला या टंचाईचं सर्वांत अन्यायाचं रूप वाटतं. एक गोष्ट मात्र या पळवापळवीतून चांगली झाली, ती नोंदवायला हवी. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने काडतुसांवर अकरा टक्के कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव-संवर्धनाला जातो. भीतीने भरलेल्या त्या कपाटांनी जंगलांच्या तिजोऱ्याही भरल्या.

2022नंतर प्रायमर हळूहळू फळ्यांवर परतले. बोस्नियातल्या गोराझ्देचे, तुर्कस्तानचे नवे ब्रँड दिसायला लागले. किंमत मात्र जुन्या जागी गेली नाही, दुपटीच्या वर अडकली. आणि टंचाई टिकलीवरून दारूवर सरकली. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज. तो कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे रुई काढून घेतल्यावर सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेपासून, किंवा लाकडाच्या लगद्यापासून होतो. विदर्भातल्या जिनिंगवाल्यांना ही लव चांगली परिचयाची. जगात तिचा मोठा निर्यातदार चीन. युक्रेनच्या युद्धात तोफांच्या गोळ्यांना दारू टनांनी लागायला लागली, युरोपातल्या कारखान्यांनी नायट्रोसेल्युलोज उचललं, आणि 2024 साली अलायंट या अमेरिकी कंपनीने हौशी रिलोडरांना विकायची दारू पाठवणंच स्थगित केलं. हॉजडनच्या नावाने विकली जाणारी काही लोकप्रिय दारू ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला गावात बनते, आणि त्या कारखान्याचं पहिलं गिऱ्हाईक अर्थातच सैन्य. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हिस्टाचा काडतूस-विभाग, म्हणजे सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन सगळं मिळून, झेकोस्लोव्हाक ग्रुप या प्रागच्या कंपनीने सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास देऊन विकत घेतला. ही कंपनी युक्रेनला तोफगोळे पुरवणाऱ्यांतली एक मोठी. लुइस्टनमध्ये दोघा भावांनी वाढवलेल्या उद्योगाची सूत्रं आता प्रागमधून हलतात.

आपल्याकडे गॅरेजमध्ये काडतुसं भरण्याचा छंद जवळजवळ नाही आणि शस्त्र कायद्याचं स्वरूप पाहता तो तसा वाढणारही नाही. पण टंचाई आपल्या नेमबाजालाही आहे, वेगळ्या जागी. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धा .22 रिमफायरवर होतात. या काडतुसाला वेगळी टिकली नसते, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच फिरवून बसवलेलं असतं. पिन बसली की कडच चेपते, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला थ्री पोझिशनचं कांस्य. या पातळीवर वापरायचं काडतूस बाहेरून येतं: बर्मिंगहॅमचं ईली, जर्मनीतल्या श्योनेबेकचं लापुआ, न्यूरेनबर्ग परिसरातलं आरडब्ल्यूएस.

नुसतं काडतूस येऊन भागत नाही, ‘लॉट’ जुळावा लागतो. एकाच यंत्रावर, एकाच खेपेत झालेल्या काडतुसांना एक क्रमांक असतो. दोन लॉट कागदावर सारखे, किंमत सारखी, पण एखाद्या नळीतून एक लॉट एकाच भोकात गोळ्या घालतो आणि दुसरा शेजारच्या वर्तुळात सांडतो. म्हणून जे जाऊ शकतात ते नेमबाज रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी-मैदानावर जातात. नळी शिकंज्यात घट्ट बांधून पन्नास मीटरवर एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, जो सर्वांत घट्ट जमतो त्याची जमेल तेवढी खोकी घेतात. तो लॉट संपला की तो पुन्हा बनत नाही. परवान्यावर किती लिहिलंय, संघटनेची शिफारस कधी मिळते, माल जहाजावर कधी चढतो, सीमाशुल्कात किती दिवस अडतो, यावर त्या नेमबाजाचा पुढचा हंगाम ठरतो. गावाकडच्या पोराला तर लॉट निवडायची चैनच नाही. जो मिळेल तो. आणि तो मोजून झाडायचा. हवेच्या रायफलीत आपण इतके पुढे का, याच्या कारणांत पेलेट स्वस्त आणि मुबलक असतात हेही एक आहे, असं मला वाटतं.

यावर उपाय महाराष्ट्रातच शोधता येईल. खडकीच्या कारखान्यात 1869पासून दारूगोळा होतो. तिथल्या पुंगळ्यांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरं देशभरच्या परवानाधारकांना परिचित आहेत. वरणगावला छोट्या शस्त्रांची काडतुसं होतात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला दारू. त्या कामाची किंमत काय असते हे जवाहरनगरच्या 24 जानेवारी 2025च्या स्फोटात गेलेल्या कामगारांच्या घरांना विचारावं. 2021पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीखाली आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. एनसीसीच्या शिबिरात .22 रायफलवर मोजक्या गोळ्या झाडून ज्याला या खेळाची गोडी लागली, अशी माणसं या लेखाच्या वाचकांतही असतील. त्या पोरांना पुढे न्यायचं तर स्पर्धेच्या दर्जाचं .22 काडतूस इथे व्हायला हवं. ते एका वर्षात ईलीच्या बरोबरीला येणार नाही, यायची गरजही नाही. सरावाच्या निम्म्या गोळ्या जरी भरवशाच्या, स्वस्त आणि इथल्या झाल्या, तरी आयात केलेला चांगला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवता येईल. म्हाळुंगे-बालेवाडीला नेमबाजीचं संकुल आहे. तिथे शिकंजा बसवून कंपनीने दर खेपेचे चार लॉट आणावेत, राज्यभरच्या नेमबाजांना आपापल्या रायफली घेऊन बोलवावं आणि ज्याला जो जुळेल तो त्याच्या परवान्यावर लिहून द्यावा.